डबल स्टँड : दुरुस्तीसाठी गाडी उभी करण्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

“गाडी डबल स्टँडला लाव.” महाराष्ट्रातील वाड्यांत, चाळींत आणि सोसायट्यांच्या आवारांत दोन-तीन पिढ्यांनी ऐकलेले हे वाक्य. जागा अपुरी असली की ते कानी पडे. चेनला तेल द्यायचे असले, ब्रेक आवळायचा असला किंवा रविवारी सकाळी चाकाच्या तारा पुसायच्या असल्या, तरी आरंभ याच वाक्याने होई. आज त्याच आवारांत अशा अनेक मोटारसायकली उभ्या असतात, ज्यांना डबल स्टँडच नाही. मागचे चाक जमिनीवरून दोन बोटे उचलायचे, तर मालकाने वेगळे उपकरण विकत आणावे किंवा गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी.

स्टँड हा मोटारसायकलीचा सर्वांत दुर्लक्षित भाग. इंजिनांवर ग्रंथ लिहिले गेले. स्टँडच्या वाट्याला माहितीपुस्तिकेतील दोन ओळी आल्या. तरीही गाडी बिघडल्यावर ती कोण खोलणार, याविषयी कारखानदाराने मनाशी काय धरले होते, हे इंजिनापेक्षा स्टँडवरून अधिक स्पष्ट कळते.

मूळ अडचण भौतिकशास्त्राची आहे. वस्तूचे सारे वजन ज्या बिंदूत एकवटल्यासारखे वागते, तो तिचा गुरुत्वमध्य. त्या बिंदूतून सोडलेला ओळंबा टेकूंच्या मधल्या जागेत पडला, तर वस्तू उभी राहते. तिवईला तीन पाय असतात, म्हणून मध्ये त्रिकोणाएवढी जागा मिळते. दुचाकीला टेकू दोनच, आणि त्यांच्यामधली जागा म्हणजे केवळ एक रेघ. दीडशे किलोची गाडी अगदी सरळ असेल, तर एका हाताने तोलता येते. तीच गाडी पुरेशी कलली की दोन माणसांनाही आवरत नाही. दुरुस्ती करणारा मनुष्य नेमका त्या वेळी तिच्या शेजारी उकिडवा बसलेला असतो, हे या प्रश्नाचे खरे गांभीर्य.

ही अडचण पहिल्याच गाडीपाशी उभी राहिली होती. १८८५ साली जर्मनीतील कानश्टाट येथे गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोल इंजिनावर चालणारी ‘राइटवागन’ बनवली. सांगाडा लाकडाचा, चाकेही लाकडी, आणि दोन्ही अंगांना एकेक लहान आधारचाक. लहान मुलांच्या सायकलीला लावतात तसे. नोव्हेंबर १८८५ मध्ये डाइम्लरचा मुलगा पाउल ती चालवत कानश्टाटहून उंटरट्यूर्कहाइमला गेला, तेव्हा इंजिनाच्या उष्णतेने बैठकीने पेट घेतला असे सांगतात. तोल मात्र गेला नाही. आधारचाकांमुळे ही गाडी उभी कशी करायची हा प्रश्नच उद्भवला नव्हता. तो उद्भवला नंतर, जेव्हा ती चाके गेली आणि मोटारसायकल सायकलीच्या वंशात शिरली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील बहुसंख्य मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या भक्कम सायकलीच होत्या. इंजिनाची गती चामड्याच्या पट्ट्याने थेट मागच्या चाकाला मिळे. कित्येक गाड्यांना क्लच नसे, गिअर नसत. पेडल मात्र असत. चाक आणि इंजिन अशा रीतीने एकमेकांना जखडलेले असल्यामुळे गाडी थांबली की इंजिनही थांबे. जागच्या जागी इंजिन चालू करून त्याचा आवाज ऐकायचा किंवा कार्ब्युरेटर जुळवायचा, तर मागचे चाक अधांतरी असणे अनिवार्य होते.

त्यातून मागचा स्टँड रूढ झाला. नळीचा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आकार, दोन्ही टोके मागच्या आसाजवळ बिजागरीने जोडलेली. वापर नसताना तो उचलून मडगार्डला चापाने अडकवायचा. हवा असेल तेव्हा चाप काढून खाली सोडायचा आणि गाडी मागे ओढायची. गाडी त्याच्यावर चढून बसे आणि चाक जमिनीपासून सुटे. मग स्वार बैठकीवर बसून जागच्या जागी पेडल मारी. पुढे मागच्या चाकाच्या तुंब्यात क्लच आला, तेव्हा अशा रीतीने इंजिन चालू करून, क्लच सोडवून, गाडी स्टँडवरून उतरवून निघणे शक्य झाले. म्हणजे स्टँड हे केवळ उभे करण्याचे साधन नव्हते; ते गाडी सुरू करण्याच्या यंत्रणेचाच भाग होते.

इंग्लंडच्या आल्फ्रेड अँगस स्कॉटने १९०८च्या सुमारास आपल्या गाडीला पायाने मारायची किक दिली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या गाडीवर पायाने सुरू करायची अशीच सोय १९१४ साली आली. आता गाडी सुरू करण्यासाठी तिला उचलण्याची गरज उरली नाही. तर्काने पाहता मागचा स्टँड तेव्हाच नाहीसा व्हायला हवा होता. तो पुढे आणखी तीसएक वर्षे टिकला, आणि त्याचे कारण होते पंक्चर.

त्या काळचे रस्ते घोड्यांचे होते. नालांचे खिळे धुळीत पडत आणि रबरी टायरांत घुसत. २८ मे १९०७ रोजी आइल ऑफ मॅन बेटावर पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत झाली, तिच्यात दोन सिलिंडरांच्या गटात रेम फाउलर नावाचा स्वार नॉर्टन गाडीवर उतरला होता. अंतर सुमारे २५४ किलोमीटर, रस्ता कच्चा. वाटेत त्याला अनेकदा थांबून प्लग बदलावे लागले, पट्टा नीट करावा लागला. भरधाव वेगात पुढचा टायर फुटला. तो शर्यत सोडून देण्याच्या बेतात असताना एका प्रेक्षकाने त्याला सांगितले की आपल्या गटात तोच कितीतरी पुढे आहे. रस्त्याच्या कडेला टायर ठीकठाक करून तो पुन्हा निघाला आणि जिंकला. सरासरी वेग ताशी ५८ किलोमीटर. शर्यतीतल्या स्वारालाही जिथे स्वतःच टायर खोलावा लागे, तिथे साध्या मालकाची काय कथा! आपली गाडी घेणारा माणूस ती रस्त्याच्या कडेला उघडणार, हे कारखानदाराने धरूनच चालायचे होते.

म्हणून पुढच्या दोन दशकांत उलट सोयी वाढल्या. अनेक ब्रिटिश गाड्यांना पुढचा स्टँडही असे: पुढच्या मडगार्डला आधार देणारी नळीच खालच्या टोकाला सोडवून जमिनीवर टेकवायची, की पुढचे चाक मोकळे. मागच्या मडगार्डचा शेपटाकडचा भाग बिजागरीने वर उचलता येई, कारण तो आड आला तर चाक मागे सरकवून काढता येत नसे. हत्यारांची पेटी टाकीवर किंवा मागच्या चाकाशेजारी बसवलेली. दोन्ही स्टँड लावले की गाडी कोणत्याही टेकूविना, दोन्ही चाके काढूनसुद्धा, स्वतःच्या पायांवर उभी. घरी दुरुस्ती करणाऱ्याला याहून अधिक काय हवे? कारखान्याने गाडीबरोबर गॅरेजच दिले होते असे म्हटले तरी चालेल.

दुसऱ्या महायुद्धात या मांडणीची कसोटी लागली. ब्रिटिश सैन्यासाठी बीएसएच्या एम२० जातीच्या सव्वा लाखाच्या आसपास, आणि नॉर्टनच्या १६एच जातीच्याही प्रचंड संख्येने गाड्या बनल्या. संदेश पोहोचवणाऱ्या डिस्पॅच रायडरला आपली गाडी स्वतः राखावी लागे. चिखलात आणि वाळूत बाजूच्या स्टँडचा मर्यादित उपयोगही याच काळात शेकडोंच्या ध्यानी आला असणार. बाजूचा स्टँड दोन चाकांना तिसरा पाय देतो, म्हणजे तिवई करतो; पण सारे कललेले वजन एका छोट्या टाचेवर येते आणि ती टाच मऊ जमिनीत रुतते. त्याखाली फळीचा तुकडा ठेवण्याची युक्ती आजही पावसाळ्यात कोकणात पाहायला मिळते. शिवाय दोन्ही चाके जमिनीवरच राहतात. गाडी उभी करायला हा स्टँड उत्तम. दुरुस्तीला जवळजवळ निरुपयोगी.

मागच्या स्टँडचा अंत अखेर स्प्रिंगांनी केला. तोवर बहुतेक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे आणि धक्के फक्त बैठकीच्या स्प्रिंगा सोसत. मग मागचे चाक एका हलत्या दांड्यावर, स्विंगआर्मवर, बसू लागले. रॉयल एनफिल्डने १९४८ साली स्विंगआर्म असलेल्या बुलेटचे नमुने एका स्पर्धेत उतरवले. आसाला जोडलेला स्टँड आता चाकाबरोबर वर-खाली हलणार, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढायचा झाला तर गाडीचा मागचा भाग खाली बसणार. म्हणून आधार चाकाकडून काढून सांगाड्याच्या पोटाशी, गुरुत्वमध्याच्या जवळ, नेण्यात आला. हाच मधला स्टँड. मराठी माणसाचा डबल स्टँड.

त्याची रचना डोळे उघडे ठेवून पाहण्याजोगी आहे. त्याचे पाय टाचेशी वक्र असतात, म्हणून गाडी त्यांवर उचलली जात नाही, घरंगळत चढते. पायाने दाबण्याची पट्टी ही तरफेची लांब बाजू. माणसाने तिच्यावर आपले सारे वजन सोडायचे आणि हाताने फक्त दिशा द्यायची. हातांनी ओढून गाडी चढवू पाहणाऱ्याची कंबर धरते, हे घरोघरच्या वडिलधाऱ्यांनी सांगितलेले शास्त्र तरफेचा नियमच आहे. वर चढताना पाय उभ्या रेषेच्या किंचित पलीकडे जातात आणि अडणीवर टेकतात. त्यामुळे गाडीचे वजनच स्टँडला उघडा ठेवते.

नेमकी इथेच त्याची दुर्बलताही आहे. गाडी पुढे ढकलली की स्टँड मिटतो. तो तसाच मिटावा म्हणून बनवलेला आहे. घट्ट बसलेला नट सोडवण्यासाठी पान्यावर जोर लावला आणि तो जोर पुढच्या दिशेने गेला, तर गाडी स्टँडवरून उतरते. जाणते मेकॅनिक म्हणून आसाचा नट दोन्ही चाके जमिनीवर असतानाच सैल करतात आणि गाडी नंतर उचलतात. जुन्या हातांची आणखी एक रीत आहे: स्टँड आणि पुढचे चाक यांना पट्ट्याने किंवा दोरीने एकत्र बांधून टाकायचे, म्हणजे स्टँडला मिटायला वावच राहत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. डबल स्टँडवरची गाडी दोन पायांवर आणि एका चाकावर उभी असते. मागचे चाक काढले की मागचा भार कमी होतो आणि गाडी पुढच्या चाकावर अधिक निश्चिंत टेकते. पुढचे चाक किंवा चिमटा काढायला घेतला, तर टेकलेले चाकच जाते. नाक खाली येणार. तेव्हा इंजिनाखाली, सांगाड्याच्या नळ्यांना लागून, लाकडी ठोकळा हवा. विटेचा मोह टाळावा लागतो, कारण वीट वाकत नाही, कुरकुरत नाही, आधी सूचना न देता तुटते. लाकूड दबते आणि दबताना दिसते. सायलेन्सरच्या नळीला किंवा तेलाच्या बोल्टला टेकू देणाऱ्यांनी किती नळ्या आणि किती बोल्ट वाया घालवले, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

भारतात ही सारी विद्या मद्रासमार्गे आली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. बुलेट भारतीय सैन्यासाठी निवडली गेली आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. १९६०च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना उभा राहिला. गाड्या थोड्या, सुटे भाग दुर्मीळ. मालकाने गाडी स्वतः राखणे हा छंद नव्हता, गरज होती.

महाराष्ट्रात मात्र घराघरांत शिरली ती स्कूटर, आणि तिच्या जन्मकथेत स्टँडचा प्रश्न अनपेक्षितपणे मध्यभागी आहे. इटलीच्या पियाज्यो कंपनीने युद्धानंतर स्वस्त वाहनाचे काम कोराडिनो दास्कानियो या अभियंत्याकडे सोपवले. तो हेलिकॉप्टरांचा माणूस. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. त्याच्या तक्रारींपैकी एक अशी की पंक्चर झाले तर मोटारसायकलीचे चाक काढणे म्हणजे शिक्षा. एप्रिल १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या त्याच्या वेस्पाला म्हणून दुहेरी चिमटाच नव्हता. विमानाच्या चाकाप्रमाणे वेस्पाचे चाक एकाच बाजूने धरलेले होते. आस काढायचा नाही, चेन सोडायची नाही. नट काढा, चाक बाहेर. शिवाय रिम दोन तुकड्यांचा, म्हणून टायर काढायला लिव्हरची झटापट नाही.

बजाज ऑटोने १९६०च्या दशकात परवान्याने हीच वेस्पा भारतात बनवली आणि परवाना संपल्यानंतर १९७२ साली ‘चेतक’ आणली. गाडी एका अंगावर जरा कलंडवून स्टेपनी चढवणारा गृहस्थ ही पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरची सर्वपरिचित आकृती झाली. ज्या कलण्याची मोटारसायकलस्वाराला धास्ती, तेच इथे तंत्र बनले. अर्थात पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट आहे ना, हे पाहून.

त्याच १९७२ साली अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली. पन्नास सीसीचे इंजिन आणि पेडल. ती स्टँडवर उभी करून, मागचे चाक अधांतरी ठेवून, जागच्या जागी पेडल मारत सुरू करणाऱ्या शिक्षिका, पोस्टमन आणि दूधवाले अनेकांना आठवतील. १९०५ सालचा युरोपीय स्वार नेमके हेच करीत होता. पाश्चात्त्य देशांतील मोठ्या मोटारसायकलींनी केव्हाच टाकून दिलेली रीत महाराष्ट्राच्या तालुक्यांत आणखी काही दशके नांदली.

उलटे वारे शर्यतीच्या मैदानातून आले. शर्यतीच्या गाडीला एकही स्टँड नसतो: वजन नको, आणि वळणावर झुकताना जमिनीला घासणारे लोखंड नको. तिला उभे करणारा स्टँड बाहेर, पिटमध्ये, ठेवलेला असतो. हा पॅडॉक स्टँड म्हणजे पुन्हा तीच जुनी ‘यू’ आकाराची तरफ, फक्त गाडीपासून सुटी झालेली. लांब पल्ल्याच्या शर्यतींत चाक सेकंदांत बदलता यावे म्हणून फ्रान्सच्या एल्फ कंपनीच्या सहकार्याने विकसित झालेला, चाकाला एकाच बाजूने धरणारा स्विंगआर्म होंडाने १९८७च्या आरसी३० या गाडीवर रस्त्यावर आणला. दास्कानियोची जुनी कल्पना वेगळ्या कारणासाठी पुन्हा अवतरली. मात्र ती घरच्या मालकासाठी नव्हती, पिटमधल्या सराईत चमूसाठी होती.

शर्यतीचे रूप घेणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्यांनी तीच काटकसर उचलली. चाकणला बनलेली केटीएम ड्यूक २०० भारतात २०१२ साली आली, ती केवळ बाजूच्या स्टँडवर. आकुर्डी आणि चाकण यांत अंतर फार नाही. पण एका कारखान्याची स्कूटर घरच्या मालकाने खोलावी म्हणून घडली होती आणि दुसऱ्याची मोटारसायकल त्याने खोलू नये असे जणू गृहीत धरून. ट्यूबलेस टायरांमुळे पंक्चरसाठी चाक काढण्याची वेळ क्वचितच येते, हे कारखानदारांचे समर्थन खोटे नाही. परंतु चेन धुवायला आणि तिचा ताण पाहायला चाक फिरावेच लागते.

मग बिनस्टँडच्या गाडीचा मालक काय करतो? काहीजण मोटारीचा जॅक इंजिनाखाली घालतात. जॅक एकाच बिंदूला उचलतो. गाडी पुन्हा रेघेवर उभी, तीही आता अधिक उंच. हँडलपासून दोन्ही अंगांना दोर ताणून वरच्या तुळईला किंवा भक्कम खांबांना बांधले, मध्ये फळी घातली आणि उचलून होताच ठोकळे सारले, तरच त्याला आधार म्हणावे. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. पॅडॉक स्टँड त्याहून बरा, पण तोही एकट्याने लावताना गाडी क्षणभर कोणाचीच नसते. म्हणून एकाने ती सरळ धरायची, दुसऱ्याने तरफ दाबायची आणि बाजूचा स्टँड शेवटपर्यंत उघडाच ठेवायचा. जमीन सपाट आणि कोरडी हवी; सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमध्ये हे प्रयोग करू नयेत.

या पॅडॉक स्टँडच्या आकड्यांना धरायला काहीतरी लागते. त्यासाठी अशा अनेक गाड्यांच्या स्विंगआर्मवर, मागच्या आसाच्या जरा पुढे, दोन्ही बाजूंना आटे पाडलेले एकेक छिद्र कारखान्यातूनच आलेले असते. त्यात रिळाच्या आकाराचे दोन बोल्ट बसतात. बोल्ट वेगळे विकत घ्यावे लागतात.